तालीममास्तर आणि मार्गदर्शक : पदवीवर्गातील नाट्यविद्यार्थ्याच्या संगोपनाचा विचार

१

महाविद्यालयीन रंगभूमीसंबंधी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात स्पर्धांचे वृत्तान्त व प्रयोगांची परीक्षणे येतात. दुसऱ्या वर्गात पुढे नामवंत झालेल्या नटांनी व दिग्दर्शकांनी सांगितलेल्या विद्यार्थिदशेतील आठवणी येतात. पहिल्या वर्गाला प्रयोगाचे अगत्य असते, दुसऱ्याला कीर्तीचे. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षे तालमी केल्या, एखादे पारितोषिक मिळविले, विषय राहून गेल्यामुळे ज्याचे एक वर्ष वाया गेले आणि ज्याचे नाव पुढे कोठेच आले नाही, अशा विद्यार्थ्याची दखल या दोहोंपैकी कोणतेच लेखन घेत नाही. वस्तुतः महाविद्यालयीन रंगभूमी उभी असते ती मुख्यतः अशाच विद्यार्थ्यांच्या बळावर.

या विद्यार्थ्याला मार्गदर्शन कोण करतो, असा प्रश्न विचारला असता बहुधा दिग्दर्शकाचे नाव पुढे केले जाते. येथेच विचाराचा गोंधळ आहे. नाट्यशिक्षणाच्या संदर्भात 'मार्गदर्शन' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. एक मार्गदर्शन प्रयोगाचे. त्यात वाचिक, आंगिक, गती, विराम, पात्रांची रंगमंचावरील मांडणी इत्यादींचा समावेश होतो. दुसरे मार्गदर्शन विद्यार्थ्याचे. त्यात त्याचे विषय, त्याची परीक्षा, त्याची आर्थिक स्थिती, घरच्यांचा विरोध वा संमती, आणि पदवीनंतर त्याने कोणत्या वाटेने जावे, यांचा विचार येतो. पहिले मार्गदर्शन उत्तम झाले म्हणजे दुसरे आपोआप झाले, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. दिग्दर्शक विद्यार्थ्याचा विचार भूमिकेसाठी करतो; मार्गदर्शकाने भूमिकेचा विचार विद्यार्थ्यासाठी करावयाचा असतो. या दोन दृष्टी परस्परविरोधी नाहीत. परंतु एकीने दुसरीची जागा घेतली म्हणजे विद्यार्थ्याचे नुकसान होते.

या प्रश्नाचे स्वरूप मोठ्या शहरात नीटसे ध्यानात येत नाही. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला एका संस्थेत जे मिळाले नाही, ते दुसरीकडे मिळू शकते. नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या तालुक्याच्या गावी अशी पर्यायी सोय नसते, म्हणून उणीव तेथे उघडी पडते. याच कारणास्तव विवेचनाच्या उत्तरार्धात भोकरचा संदर्भ घेतला आहे. तत्पूर्वी आपल्या परंपरेने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे पाहणे इष्ट होईल.

२

भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्या अध्यायाचे वाचन सामान्यतः नाट्याच्या दैवी उत्पत्तीची कथा म्हणून केले जाते. तोच अध्याय नटांच्या संरक्षणाची कथा म्हणूनही वाचता येतो. ब्रह्मदेवाने निर्मिलेला नाट्यवेद भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना शिकवितात आणि इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग होतो. देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय हा त्याचा विषय असल्यामुळे दैत्य क्षुब्ध होतात आणि विघ्नांच्या साहाय्याने प्रयोग उधळतात. हा उपद्रव कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. रंगपीठ मोडले जात नाही; नटांची वाणी, चेष्टा आणि स्मृती जखडली जाते. सूत्रधारासह सर्व नट निश्चेष्ट होतात. म्हणजे विघ्न बाहेरून आले, तरी त्याचा आघात नटाच्या अंतःसामर्थ्यावर होतो.

यावर तीन उपाय योजले जातात, आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. पहिला उपाय इंद्राचा. तो ध्वजाचा दंड उचलून विघ्नांना झोडपतो. तोच पुढे जर्जर म्हणून पूज्य ठरतो. परंतु या प्रहाराने विघ्ने कायमची जात नाहीत. उरलेली विघ्ने नटांना पुन्हा भेडसावू लागतात. तेव्हा दुसरा उपाय होतो : विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले जाते आणि त्याच्या निरनिराळ्या भागांवर देवतांची नियुक्ती होते. हे संरक्षण केवळ नायकापुरते नसते. नायिका, विदूषक आणि इतर पात्रे यांचेही रक्षक नेमले जातात. तिसरा उपाय सामाचा. ब्रह्मदेव स्वतः विघ्नांशी बोलतो, त्यांच्या रागाचे कारण विचारतो आणि नाट्य हे कोणा एकाच्या बाजूचे नसून साऱ्या त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे, हे त्यांना समजावून देतो.

तात्कालिक प्रहार, स्थायी वास्तू आणि संवाद, अशी ही उपाययोजना आहे. आधुनिक नाट्यशिक्षणाला हाच मापदंड लावल्यास असे दिसून येईल की, महाविद्यालयांतून पहिला उपाय मुबलक होतो. युवक महोत्सव जवळ आला म्हणजे प्राचार्यांची चिठ्ठी मिळते, तासांना न बसण्याची सवलत मिळते, तालमीसाठी सभागृह मोकळे होते. हा जर्जराचा उपयोग होय. महोत्सव संपताच दंड खाली ठेवला जातो आणि विघ्ने परततात. स्थायी व्यवस्था व संवाद हे उरलेले दोन उपाय क्वचितच योजले जातात.

याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी, तिच्यातील घात, परीक्षक म्हणजे प्राश्निक आणि विजेत्याला द्यावयाची पताका यांचा विचार आलेला आहे. घात दैवी असतात, परकृत असतात आणि आत्मसमुत्थ, म्हणजे नटाच्या स्वतःच्या चुकीतून उद्भवलेलेही असतात, हा भेद तेथे केलेला आहे. प्राश्निकही एकच नसतो. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, चित्रकार, गणिका, गायक अशा विविध जाणकारांनी आपापल्या विषयापुरता निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. विद्यार्थ्याच्या चुकीचे मूळ त्याच्यात आहे की परिस्थितीत, हे पाहिल्याविना गुणांकन करू नये, असा बोध आजच्या परीक्षकाने यातून घ्यावयास हरकत नाही.

३

नाट्यशास्त्राने कल्पिलेले हे संगोपन व्यवहारात ज्या संस्थेने काही अंशी केले, ती संस्था म्हणजे विष्णुदास भाव्यांनंतरच्या काळात वाढलेली नाटक मंडळी. मंडळीत आलेल्या मुलाच्या जेवणाखाणाची, निवाऱ्याची, कपड्यालत्त्याची आणि शिक्षणाची जबाबदारी मंडळी घेत असे. तेथे तालीममास्तराचे स्थान मोठे होते. गोविंद बल्लाळ देवल हे याचे श्रेष्ठ उदाहरण. देवल हे मुळात शाळेत शिकविणारे मास्तर. शाळेतील शिस्त व अर्थनिष्ठा त्यांनी तालमीत आणली. वाक्याचा अर्थ नटाला कळल्याशिवाय ते उच्चारावयाचे नाही, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. गणपतराव बोडस यांच्या 'माझी भूमिका' (१९४०) आणि चिंतामणराव कोल्हटकर यांच्या 'बहुरूपी' (१९५७) या आत्मचरित्रांतून मंडळीतील या जीवनाचे भरघोस चित्र मिळते.

मंडळीने विद्यार्थ्याचे किती केले, याचे वर्णन पुष्कळदा गौरवाने केले जाते व ते अस्थानी नाही. बालगंधर्वांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे उद्बोधक आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाच्या कानावरील उपचारासाठी त्याला मिरजेस पाठविले आणि तेथून किर्लोस्कर मंडळीतील त्याच्या प्रवेशाचा योग जुळून आला. १९०५ साली तो मंडळीत आला. भूमिकेपूर्वी मुलाच्या कानाची चिंता करणारा कोणी तरी होता, ही गोष्ट नाट्येतिहासात जितकी सांगितली जाते तितकी विचारात घेतली जात नाही.

तथापि मंडळीच्या पद्धतीत एक मूलभूत दोष होता. तेथे शिकविणारा, पोसणारा आणि नटाच्या गुणांवर ज्याचा चरितार्थ चालतो तो, हे तिघे एकाच व्यवस्थेत सामावलेले होते. मुलाच्या हिताचा आणि मंडळीच्या हिताचा विरोध उत्पन्न झाला, तर मुलाच्या बाजूने बोलणारा कोणी नसे. आवाज फुटण्याच्या वयात स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे, शाळा सुटलेल्या मुलाने मंडळी मोडल्यावर कोठे जावयाचे, या प्रश्नांना मंडळीकडे उत्तर नव्हते. कारण ते प्रश्न मंडळीचे नव्हतेच. तिचे संगोपन सर्वांगीण होते, पण त्याला बाहेर पडावयाचा दरवाजा नव्हता.

विद्यापीठांनी नाट्यशिक्षण हाती घेतले, तेव्हा हा दरवाजा उघडला. १९५९ साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. पुढे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झाले. नटाला आता पदवी मिळू लागली आणि तो कोणा मालकाचा बांधील राहिला नाही. परंतु मंडळीने अन्न, निवारा आणि देखरेख यांच्या रूपाने जे दिले होते, ते कोणी द्यावयाचे, हे मात्र अनुत्तरित राहिले.

४

शिकविणारा आणि सांभाळणारा यांच्यात काही अंतर असावे, हा विचार ज्या ग्रंथात अगदी सहजगत्या आला आहे, तो ग्रंथ मराठी नाट्यविद्यार्थ्याच्या हाती के. नारायण काळे यांच्या 'अभिनयसाधना' या अनुवादाच्या रूपाने आला. स्तानिस्लाव्हस्कीचा हा ग्रंथ एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या स्वरूपात लिहिलेला आहे. त्याच्या वाचकांचे लक्ष स्वाभाविकपणे तोर्त्सोव्ह या दिग्दर्शक-शिक्षकाकडे जाते. भावनिक स्मृती, अवधान, उद्दिष्ट इत्यादी तत्त्वे त्याच्याच मुखातून येतात. त्याचा सहायक राखमानोव्ह मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो.

ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, रोजनिशी लिहिणारा कोस्त्या आदल्या रात्रीच्या उत्साहात घरी तालीम करीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठून तालमीस उशिरा पोहोचतो. सर्व मंडळी ताटकळत बसलेली असतात. त्या वेळी बोलतो तो राखमानोव्ह. एकाच्या उशिरामुळे इतरांची काम करण्याची उत्सुकता मारली जाते, हे तो सुनावतो आणि तालीम रद्द करतो. कोस्त्याच्या अभिनयाबद्दल तो काहीच म्हणत नाही; सामूहिक कामातील त्याच्या वर्तनाबद्दल बोलतो. कोस्त्याचा उशीर आळसातून आलेला नाही, कलेच्या आवडीतून आलेला आहे, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. नाट्यविद्यार्थ्याची पुष्कळशी शैक्षणिक हानी याच आवडीपोटी होते. म्हणून ती रोखणे कठीण जाते. ज्याने ती आवड पेटविली त्या शिक्षकाला तिच्यावर मर्यादा घालणे अवघड वाटते. त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

राखमानोव्ह हा आदर्श मार्गदर्शक आहे, असे नव्हे. तो कडक आहे आणि त्याला विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती विचारण्याची गरज भासत नाही. पण दोन कामांना दोन माणसे असावीत, हे तत्त्व त्याच्यामुळे सिद्ध होते.

५

हे तत्त्व मराठवाड्याच्या भूमीत निराळ्या रीतीने साकार झाल्याचे एक उदाहरण आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे जे महाविद्यालय काढले व जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमोर केले आणि १९५६ साली नागपूरच्या धर्मांतराच्या प्रसंगीही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते.

नाटकाच्या वाङ्मयीन गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे पाहावयाचे आहे ते त्याच्या मागील संस्थेकडे. नाटककार आणि प्राचार्य एकच व्यक्ती असल्यामुळे वरकरणी असे वाटेल की, मंडळीतील एकत्रित सत्तेचाच हा नमुना आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मिलिंदमध्ये नाटकापूर्वी वसतिगृह होते, शिक्षणाची पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थ्यांना सांभाळण्याचे धोरण होते. विद्यार्थी तेथे नाटक करण्यासाठी आले नव्हते, शिकण्यासाठी आले होते. नाटक त्या शिक्षणाच्या ओघात आले. प्रयोग झाला नसता तरी विद्यार्थ्याचे स्थान अबाधित राहिले असते. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तेथे आधी नाट्यगृह बांधले गेले व मग प्रयोग झाला.

६

आता भोकरकडे वळता येईल. नांदेडच्या पूर्वेस, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर वसलेल्या या तालुक्याच्या गावाहून तेलंगणातील भैंशाची वाट फार दूर नाही. मराठी ही येथील मुख्य भाषा असली तरी तेलुगू, दखनी उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी यांचे आवाज बाजारात नित्य कानी पडतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचे महाविद्यालय गावात आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांचे आहे आणि भोकर त्यात येते. पुढील विवेचन कोणा एका महाविद्यालयासंबंधी नसून अशा गावांतील सामान्य परिस्थितीसंबंधी आहे.

तालुक्याच्या गावी पदवीवर्गात नाट्यशास्त्र हा स्वतंत्र विषय बहुधा नसतो. मराठी, राज्यशास्त्र वा रसायनशास्त्र शिकणारा, पण मनाने नाटकात असलेला विद्यार्थी हाच तेथील नाट्यविद्यार्थी होय. त्याच्या नाट्यशिक्षणाचे वर्ष युवक महोत्सवाभोवती फिरते. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आणि नक्कल हे महोत्सवातील रंगभूमीचे प्रकार. एकांकिकेला ३० मिनिटांची मर्यादा. सांस्कृतिक विभागाचे काम मराठीच्या वा अन्य एखाद्या विषयाच्या प्राध्यापकांकडे असते आणि एकांकिका बसविण्यासाठी नांदेडहून वा लातूरहून एखादा दिग्दर्शक काही आठवड्यांपुरता येतो. दिग्दर्शक प्रयोगानंतर निघून जातो, प्राध्यापक आपल्या तासांकडे वळतो, विद्यार्थी उरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात या विद्यार्थ्याला प्रथमच काही अधिकृत स्थान मिळाले आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास, असे प्रमाण त्यात आहे. महाराष्ट्रातील श्रेयांक-रचनेत सांस्कृतिक कार्य व प्रयोगकला यांना सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक ठेवले आहेत. धोरण म्हणून हे स्वागतार्ह आहे. परंतु गणित मांडून पाहिल्यास अडचण ध्यानात येते. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे सत्रात ६० तास; १५ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४ तास. महोत्सवापूर्वीची एकांकिकेची तालीम महिनाभर रोज ३ तास चालली, तर ९० तास होतात. श्रेयांकाला सत्रभर पसरलेला सराव अभिप्रेत आहे. प्रत्यक्षातील सराव एका महिन्यात कोंबलेला आणि उरलेल्या काळात शून्य. तास भरले, पण शिक्षणाचा क्रम साधला नाही. शिवाय हा महिना अन्य विषयांच्या अंतर्गत चाचण्यांवर येऊन आदळला, तर ज्या श्रेयांकासाठी विद्यार्थ्याने कष्ट केले तो मिळूनही इतर श्रेयांक हातचे जातात.

ही टक्कर आधी पाहणे, हे मार्गदर्शकाचे पहिले काम होय. जूनमध्येच चाचण्या, महोत्सव आणि तालमी यांचे वेळापत्रक एकत्र मांडले, तर निम्म्या अडचणी उद्भवण्यापूर्वीच दूर होतात. त्यासाठी नाट्यशास्त्राचा तज्ज्ञ असावा लागत नाही. विद्यार्थ्याची इत्थंभूत माहिती असलेला आणि सहकारी प्राध्यापकांशी बोलू शकणारा माणूस असावा लागतो. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात मार्गदर्शक व विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जात असल्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे कागदावर एका प्राध्यापकाचे नाव असतेच. प्रश्न आहे तो त्या नावात प्राण घालण्याचा.

दुसरे काम घरच्यांशी बोलण्याचे. तालीम तासांनंतर सुरू होते आणि खेड्याकडे जाणारी शेवटची एस.टी. तालमीसाठी थांबत नाही. मुलगा असेल तर तो गावात मित्राच्या खोलीवर राहतो. मुलगी असेल तर ती नाटक सोडते. मग दिग्दर्शक स्त्रीपात्रविरहित संहिता निवडतो आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटतो. मंडळीच्या काळात मुलांनी स्त्रीभूमिका कराव्या लागत. आज भूमिकाच वगळली जाते. प्रयोगाच्या मार्गदर्शनाने विद्यार्थ्याचे मार्गदर्शन होत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही. तालीम दुपारच्या सत्रात ठेवणे, मुलीच्या आईवडिलांना एकदा तालीम पाहावयास बोलावणे, परतीची सोय महाविद्यालयाने स्वतःकडे घेणे, हे उपाय साधे आहेत. हाच ब्रह्मदेवाचा साम होय. घरच्यांचा विरोध हा पुष्कळदा विघ्न नसून भय असते आणि भयाला दंडाने उत्तर देता येत नाही.

तिसरे काम भाषेसंबंधीचे असून ते सर्वांत नाजूक आहे. भोकर परिसरातील विद्यार्थी घरी जी बोली बोलतो, तिच्यात तेलुगू व उर्दूची छटा असते. तांड्यावरच्या विद्यार्थ्याची तर मातृभाषाच निराळी असते. रंगमंचावर येताच त्याच्या उच्चारांची दुरुस्ती सुरू होते. प्रमाण उच्चार शिकणे नटाला आवश्यक आहे, यात वाद नाही. अनेक उच्चारपद्धती मुखात असणे हे नटाचे धनच होय. परंतु दुरुस्ती करण्याची रीत अशी असते की, आपली बोली हा एक दोष आहे, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. मग तो रंगमंचावर जपून बोलू लागतो आणि जपून बोलणारा नट अर्धा जखडलेला असतो. नाट्यशास्त्रातील विघ्नांनी प्रथम वाणीच का जखडली, याचे मर्म येथे कळते. गोंधळ, भारूड, पोतराज, वासुदेव, आंबेडकरी जलसा, बंजाऱ्यांची लेंगी गीते ही या प्रदेशाची प्रयोगसंपत्ती होय. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड उभे राहतात, ते पाहत येथील मुले वाढतात. असा विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. नांदेडचेच दत्ता भगत यांनी 'आवर्त' या एकांकिकेत लोकनाट्याच्या रचनेतून आणि 'वाटा-पळवाटा' या नाटकात काका, प्राध्यापक सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्यांच्या वादातून जे उभे केले, ते या प्रदेशाच्या अनुभवातूनच आलेले आहे. भोकरच्या विद्यार्थ्याने महोत्सवासाठी मुंबईच्या सदनिकेतील एकांकिका करण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील नाटककाराचे नाटक वाचलेले असावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्याच्या हाती ते पुस्तक देणे, हेही मार्गदर्शनच होय.

चौथे काम भविष्याचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि किमान सहा नाट्यप्रयोगांतील सहभाग अशी अट ठेवण्यात आलेली आहे. म्हणजे जो विद्यार्थी नाटकाच्या नादात पदवी अपुरी सोडतो, तो ज्या दरवाजासाठी धावतो तोच बंद करून घेतो. आणि जो केवळ महोत्सवातील एका एकांकिकेवर विसंबतो, त्याचे तीन वर्षांत तीनच प्रयोग होतात. ही माहिती तृतीय वर्षाच्या अखेरीस मिळून उपयोग नाही. ती प्रथम वर्षाच्या प्रारंभी मिळावयास हवी. प्रत्येक सहभागाची तारखेसह नोंद ठेवणारी एक वही, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, संगीत यांपैकी एका अंगाचा अभ्यास, एवढे जरी विद्यार्थ्याकडून करून घेतले तरी त्याच्यापुढे एकाहून अधिक वाटा राहतात. बीड जिल्ह्यातील एका लहान गावातून आलेले वामन केंद्रे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे विद्यार्थी झाले आणि २०१३ साली त्याच संस्थेचे संचालक झाले, हे उदाहरण मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना वारंवार सांगितले जाते. ते स्फूर्तिदायक आहे. पण असामान्याचे उदाहरण हे धोरण होऊ शकत नाही. सामान्य गुणांच्या विद्यार्थ्याला नाटकाचा उपयोग शिक्षक, निवेदक, लोककलेचा अभ्यासक वा जाणता प्रेक्षक म्हणून कसा होईल, हे सांगणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रंगभूमी हीच विद्यार्थ्याला सावरणारी शक्ती आहे. समूहात काम करण्याने त्याचा संकोच जातो, आत्मविश्वास वाढतो. मग वेगळ्या मार्गदर्शनाचे प्रयोजन काय? यात तथ्य आहे, आणि ज्यांनी महाविद्यालयीन नाटक जवळून पाहिले आहे ते ते नाकारणार नाहीत. परंतु हे बळ प्रयोगाबरोबर येते आणि पुष्कळदा प्रयोगाबरोबर जाते. निकाल लागल्यानंतरच्या पंधरा दिवसांत नाट्यविद्यार्थी सर्वांत एकाकी असतो. पारितोषिक न मिळाल्यास अधिकच. त्या पंधरवड्यात त्याला बोलावून 'आता अभ्यासाचे कसे काय?' असे विचारणारा दिग्दर्शक असू शकत नाही, कारण तो गावात नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मार्गदर्शक या नात्याने जो प्राध्यापक पुढे येईल, तो विद्यार्थ्याला नाटकापासून परावृत्त करील, नोकरीची, बी.एड.ची सुरक्षित वाट दाखवील आणि कलेचा अंकुर खुडील. हे भय निराधार नाही. नाट्यशास्त्राच्या अखेरीच्या भागात भरतपुत्रांना ऋषींचा शाप मिळाल्याची कथा आहे. त्यांनी ऋषींचे विडंबन केले म्हणून त्यांना हीन स्थिती प्राप्त झाली. प्रतिष्ठितांच्या मनातील नटाविषयीचा हा संशय अजून पुरता गेलेला नाही आणि प्राध्यापकवर्ग त्यातून मुक्त आहे, असे म्हणता येणार नाही. यावरचा उपाय मार्गदर्शक काढून टाकणे हा नसून त्याचे काम स्पष्ट करणे हा आहे. विद्यार्थ्याने कोणता निर्णय घ्यावा, हे त्याने सांगू नये. निर्णयाची किंमत व तो घेण्याची वेळ त्याच्या निदर्शनास आणावी. विद्यार्थ्याने सर्व समजून नाटकच निवडले, तर त्या निवडीच्या पाठीशी उभे राहणे, हेही त्याच कामात मोडते.

याचा अर्थ तालीममास्तर आणि मार्गदर्शक यांनी परस्परांकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. दोघांनी विद्यार्थ्याविषयी एकमेकांशी बोलले पाहिजे. मात्र दोघांच्या उत्तरदायित्वाची जागा वेगळी राहिली पाहिजे. तालीममास्तराला प्रेक्षक जाब विचारतात. मार्गदर्शकाला जाब विचारणारा एकटा विद्यार्थी असतो, आणि तोही पुष्कळ वर्षांनी.

नाटक मंडळींनी नटाला घर दिले पण स्वातंत्र्य दिले नाही. विद्यापीठांनी स्वातंत्र्य दिले पण घर देण्याचे विसरले. भोकरसारख्या गावातील महाविद्यालयापुढे या दोन्हींचा मेळ घालण्याचे काम आहे, आणि ते मोठ्या खर्चाचे नाही. नाट्यगृह बांधण्यास निधी लागतो. विद्यार्थ्याची वही पाहण्यास, त्याच्या घरी एकदा जाऊन येण्यास आणि प्रयोगानंतरच्या पंधरवड्यात त्याला आठवणीने बोलावण्यास निधी लागत नाही; एक माणूस नेमून दिलेला असावा लागतो. महाविद्यालयीन रंगभूमीचे यश पारितोषिकांच्या यादीवरून ठरवावयाचे, की नाटक करूनही ज्यांची पदवी व हिंमत शाबूत राहिली अशा विद्यार्थ्यांवरून ठरवावयाचे, याचा निर्णय नाट्यशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी आता घेतला पाहिजे.